पासिंग कुठलं?

आमच्याकडे जुनी गाडी विकत घेताना माणूस आधी किती चालली ते विचारतो, मग ॲव्हरेज विचारतो, आणि मग जरा आवाज खाली आणून विचारतो, "पासिंग कुठलं?" आरटीओ, नोंदणी, रजिस्ट्रेशन हे सगळे शब्द कागदावर. बोलण्यात एकच शब्द, पासिंग. त्याचं उत्तरही दोनच प्रकारचं. एक तर 'आपलं', म्हणजे एमएच २६. नाही तर 'तिकडचं'. तिकडचं म्हटलं की घेणाऱ्याचा चेहरा पडतो आणि भाव लगेच खाली येतो. गाडी तीच, इंजिन तेच, टायर कदाचित आपल्यापेक्षा बरे. पण पुढचे कागद डोळ्यासमोर उभे राहतात ना!

पुण्या-मुंबईच्या वाचकांना यात काय एवढं असं वाटेल. तिकडे बंगळूरची बदली संपवून आलेला एखादा अभियंता केए नंबरची गाडी घेऊन येतो, वर्षभर कुरकुरतो, मग एजंट गाठतो. राज्य बदलणं ही त्याच्या आयुष्यात एकदा-दोनदा होणारी गोष्ट. धर्माबादेत ती आठवड्यातून तीनदा होते. सकाळी निजामाबादला माल घ्यायला गेलात, एक राज्य ओलांडलं. संध्याकाळी परत आलात, पुन्हा ओलांडलं. बासरला सरस्वतीच्या देवळात मुलाच्या अक्षरलेखनाला गेलात तरी तेच. नकाशात बघा, धर्माबाद आणि बासर दोन्ही गोदावरीच्या एकाच अंगाला आहेत. मध्ये ना मोठी नदी, ना डोंगर. शेत, शेत, बाभळी, शेत, आणि मग तेलुगू पाटी. त्या तेलुगू पाटीखाली उभा असलेला माणूस बऱ्याचदा आपल्याशी मराठीतच बोलतो. दुकानात गेलं तर मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू अशी खिचडी चालते, आणि मिरचीचा भाव तिन्ही भाषांत सारखाच झोंबतो.

तर ही सीमा इथे आली कधी? नव्या पिढीला (यात माझे भाचे-पुतणे आले) वाटतं की ती पहिल्यापासूनच आहे. तसं नाही. १९५६ पर्यंत धर्माबाद कुठल्याच सीमेवर नव्हतं. निजामाच्या हैदराबाद संस्थानात आपण चांगले आतल्या बाजूला होतो. सिकंदराबाद ते मनमाड ही निजामाची रेल्वे, तिच्यावरचं एक स्टेशन. वरच्या अंगाला नांदेड, खालच्या अंगाला निजामाबाद, दोन्ही एकाच राज्यातली जिल्ह्याची गावं. संस्थानाची सीमा आणि तिथला करोडगिरीचा नाका बघायचा तर बरंच लांब जायला हवं. (करोडगिरी म्हणजे निजामाचं जकात खातं. आमच्या घरातली जुनी माणसं कुणी फार चौकशी करायला लागला की "काय करोडगिरीवर नोकरीला हायस का?" असं म्हणत.)

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, संस्थान भारतात आलं. तरी हैदराबाद हे राज्य म्हणून आणखी आठ वर्षं टिकलं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि त्या राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, तेलंगण आंध्र प्रदेशात, कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात. शाळेत आपण एवढंच शिकतो. खरी गंमत त्या कायद्याच्या मजकुरात आहे. नांदेड जिल्हा मुंबई राज्याला दिला खरा, पण 'अमुक वगळून'. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन सर्कलं वगळून, आणि मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही तीन सर्कलं वगळून. उलट बाजूने आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल इकडे आलं. बीदरमधून उदगीर, निलंगा आणि अहमदपूर आले, ते आज लातूर जिल्ह्यात आहेत. म्हणजे भाषा मोजली ती तालुक्याने आणि सर्कलने. सर्कल म्हणजे महसुलाच्या हिशेबाला सोयीचा गावांचा जुडगा. त्यात कुणाची सासुरवाडी कुठे पडते याचा कॉलम नव्हता. भैंसा आणि मुधोळ तोवर नांदेड जिल्ह्यातच होते. एका तारखेला ते 'तिकडे' झाले. आपण जागचे हललो नाही आणि राज्याच्या टोकाला येऊन बसलो.

आता गाडीकडे येतो. मोटार कायद्यात एक कलम फार जुनं आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ते होतं आणि १९८८ च्या कायद्यात ४७ वं कलम म्हणून जवळपास जसंच्या तसं आलं. सांगतं ते असं, की एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर मालकाने तिथल्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नव्या नंबरसाठी अर्ज करायचा. त्याआधी जुन्या कार्यालयाकडून ना हरकत आणायची, ते ४८ वं कलम. या ना हरकतीचं एक पोटकलम मला फार आवडतं. अर्ज केल्यावर तीस दिवसांत त्या कार्यालयाने हो की नाही कळवलं नाही, तर ना हरकत मिळाली असं समजायचं. कायद्याला आशावादी म्हणतात ते यासाठी. हे पोटकलम खिडकीवर वाचून दाखवून काम झालेला माणूस मला अजून भेटायचाय.

खरं तर नोंदणी अख्ख्या भारतात चालते, हेही कायद्यातच लिहिलंय. मग नवा नंबर कशाला? कारण गाडीवरचा टॅक्स. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मोटारगाड्या हा विषय समवर्ती यादीत आहे, पण वाहनांवरचा कर राज्यांच्या यादीत, ५७ वी नोंद. त्यामुळे कायदा दिल्लीचा आणि पैसा राज्याचा. प्रत्येक राज्य म्हणतं, माझे रस्ते झिजवताय तर मला द्या. पूर्वी हा टॅक्स दर वर्षी भरायचा असे, तेव्हा राज्य बदललं तरी फार नुकसान नव्हतं. खाजगी गाड्यांना एकरकमी टॅक्स आला आणि पंचाईत झाली. पंधरा वर्षांचे पैसे एका राज्याला आधीच मोजलेले, आणि पाचव्या वर्षी दुसरं राज्य हात पुढे करून उभं. नवं राज्य गाडीचं वय बघून आपला टॅक्स लावतं. जुन्या राज्याकडून उरलेल्या वर्षांचे पैसे परत मागायचे ते आपण, आपल्या पायांनी, आपल्या खर्चाने. सीमेवरची सगळी कुरकुर इथून सुरू होते. कर्नाटकाने तर २०१४ मध्ये बाहेरची गाडी तीस दिवसांहून जास्त राहिली की आयुष्यभराचा टॅक्स भरा असा नियम केला होता. २०१६ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो रद्द केला. आमचे उदगीर-देगलूरचे नातेवाईक बीदरला नेहमी जाऊन-येऊन असतात, त्यांना तो काळ चांगला आठवतो.

पण मला जास्त कुतूहल आहे ते एका उलट्या प्रश्नाचं. कायदा धरून चालतो की राज्य जागेवर असतं आणि गाडी हलते. गाडी जागेवर आणि राज्यच हललं, तर?

१९५६ साली हे झालं. तेव्हा खाजगी मोटारी आमच्या भागात बोटांवर मोजण्याएवढ्या. प्रश्न होता तो बस आणि मालट्रकचा. एका राज्याने दिलेलं परमिट १ नोव्हेंबरच्या पहाटे अचानक दोन राज्यांत पडलं. हे ओळखून पुनर्रचना कायद्यातच तरतूद केली गेली, की आधीची परमिटं काही काळ चालू धरावीत. नवं राज्य करताना ज्यांनी मसुदा लिहिला त्यांना गाड्यांची आठवण राहिली, याचं मला कौतुक वाटतं. २०१४ च्या आंध्र प्रदेश पुनर्रचना कायद्यातही परमिटांबद्दल असंच एक कलम आहे.

बसची गोष्ट तर वेगळीच रंगतदार. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली सत्तावीस गाड्यांवर स्वतःचं रस्ता वाहतूक खातं सुरू केलं होतं. इंग्रजांच्या मुलखातही सरकारी बस ही तेव्हा नवलाई होती. आपली एसटी पुणे-नगर रस्त्यावर धावली ती १ जून १९४८ ला, म्हणजे सोळा वर्षांनी. तेव्हा मराठवाड्याला सरकारी बस महाराष्ट्रात आल्यावर मिळाली असं कुणी म्हटलं तर मान हलवू नका. १९५६ नंतर त्या हैदराबादी बससेवेचा मराठवाड्यातला भाग मुंबई राज्याच्या एसटीत आला, उरलेल्यातून पुढे आंध्राची आरटीसी उभी राहिली. आरटीसीच्या बसच्या नंबरात झेड हे अक्षर असतं ते नीट बघा कधी तरी. सातव्या निजामाने आपल्या आईच्या, जेहरा बेगमच्या नावातलं पहिलं अक्षर ठेवायला सांगितलं म्हणून ते आलं, अशी गोष्ट हैदराबादेत घरोघर सांगतात. गोष्ट म्हणूनच घ्या. पण बासरच्या स्टँडवर लाल एसटी आणि झेडवाली आरटीसी शेजारी उभ्या दिसल्या की मला त्या वाटण्या झालेल्या दोन भावांसारख्या वाटतात. घर एकच होतं, १९५६ साली मध्ये भिंत घातली.

आज आपण वाचतो ते नंबर, म्हणजे राज्याची दोन अक्षरं आणि जिल्ह्याचा आकडा, हे १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाल्यावरचे. नांदेडला २६ मिळाला, लातूरला २४, परभणीला २२. त्याआधी तीन अक्षरी नंबर असत, आपले एम पासून, आंध्राचे ए पासून. ८९ पासून आमच्या धर्माबादच्या पाटीवर एमएच २६ आहे आणि त्यात फरक पडलेला नाही. पलीकडे बघा. बासर तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात, म्हणून एपी ०१. जून २०१४ मध्ये तेलंगण वेगळं झालं, नव्या गाड्या टीएस ०१ झाल्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेलंगणाने जिल्हे फोडले, बासर निर्मल जिल्ह्यात गेलं, टीएस १८. मार्च २०२४ मध्ये राज्याची अक्षरंच बदलली, टीएसचं टीजी झालं, म्हणजे टीजी १८. ही सक्ती नव्या गाड्यांना, जुन्यांचे नंबर तसेच. त्यामुळे बासरमधल्या एखाद्या घरात आजोबांची लूना, वडिलांची हिरो होंडा, थोरल्याची पल्सर आणि धाकट्याची नवी स्कूटी अशा चार गाड्या असतील तर चारही पाट्या वेगळ्या असू शकतात. घर एकच, ओसरी एकच! निजामाबादला तसंच, एपी २५, मग टीएस १६, मग टीजी १६. आणि आमच्याकडचे लोक अजून या सगळ्यांना सरसकट 'आंध्रा पासिंग' म्हणतात. तेलंगणवाल्याला ते ऐकून राग येतो. यायलाच हवा, त्यासाठी त्यांनी केवढं आंदोलन केलंय.

केंद्र सरकारने २०२१ च्या सप्टेंबरपासून बीएच, म्हणजे भारत मालिका काढली. राज्य बदललं तरी नंबर बदलायचा नाही, टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा. ऐकून मी खूश झालो, म्हटलं झालं आपलं काम. मग अटी वाचल्या. सैन्यातले, सरकारी आणि सरकारी उपक्रमांतले कर्मचारी, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खाजगी कंपन्यांतले नोकर, एवढ्यांनाच. आमच्या मिरची बाजारातला अडत्या दोन राज्यांत धंदा करतो, पण त्याचं कार्यालय म्हणजे एक गादी आणि एक लोखंडी कपाट. ज्याचं शेत इकडे आणि सासऱ्याचं शेत तिकडे, त्याला तर काहीच नाही. योजना बदलीवाल्यांसाठी आहे, सीमेवाल्यांसाठी नाही. तक्रार म्हणून सांगत नाही, पण राज्य ओलांडणारा माणूस म्हटला की सरकारला नोकरदारच का दिसतो, हा प्रश्न राहतोच.

पाटी ही नुसती टॅक्सची पावती असती तर एवढं लिहिलंही नसतं. लोक तिच्यावरून माणूस ओळखतात. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न पुन्हा पेटला तेव्हा बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरच्या ट्रकांवर दगड पडले, आणि इकडे पुण्यात कर्नाटकाच्या बसना काळं फासलं गेलं. ट्रकच्या आत बसलेला ड्रायव्हर कुठला, त्याची भाषा कुठली, हे दगड मारणाऱ्याने विचारलं नव्हतं. दोन अक्षरं पुरली. आमच्याकडे बाभळी बंधाऱ्यावरून केवढं रण माजलं होतं! जुलै २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू आपल्या आमदारांसह आले, त्यांना अटक होऊन धर्माबादच्याच आयटीआयमध्ये ठेवलं होतं. पुढे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि बंधाऱ्याची दारं कधी उघडी ठेवायची त्याच्या तारखा ठरल्या, १ जुलै ते २८ ऑक्टोबर. पाण्याचं भांडण एवढं मोठं, पण त्यामुळे निजामाबादच्या व्यापाऱ्याने आमच्या माणसाला उधारी बंद केली असं मी तरी ऐकलं नाही. बेळगावपेक्षा आपण यात सुखी आहोत. याचं कारण मला वाटतं १९५६ आधीचा तो एकत्र संसार. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी एकाच निजामाला शिव्या दिल्यात.

आणि मग २०१८-१९ मध्ये गंमतच झाली. आमच्या तालुक्यातल्या बऱ्याच गावांनी मागणी केली की आम्हाला तेलंगणात घाला. कारण साधं होतं. तिकडे शेतकऱ्याला रयतू बंधूमधून हंगामाला एकरी चार हजार मिळू लागले होते आणि शेतीला चोवीस तास वीज होती. इकडे काय होतं ते आपणा सर्वांना माहीतच आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये नांदेड जिल्ह्यातली काही मंडळी हैदराबादला जाऊन तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांना भेटूनही आली. मुंबईतल्या वर्तमानपत्रांनी त्यावर महाराष्ट्राच्या अस्मितेचे अग्रलेख लिहिले. मला राग आला नाही, वाईट वाटलं. हुतात्म्यांनी रक्त सांडून मिळवलेलं राज्य सोडा असं कुणी सुखाने म्हणत नाही. बांधापलीकडच्या मेहुण्याच्या खात्यात पैसे पडताना रोज दिसत असतील, तर माणूस म्हणणारच. आपला माणूस कधी म्हणायचं आणि फक्त टॅक्स भरणारा कधी, हे राज्यानेही ठरवायला हवं ना?

त्याच वर्षी माझा आतेभाऊ शेतीकडे बघायला कोणी नाही म्हणून हैदराबाद सोडून कायमचा धर्माबादला आला. गाडी २०१२ ची, नंबर एपी ०९, म्हणजे हैदराबादचा. वर्ष होत आलं तसं आत्या मागे लागली, "अरे, आता इथला झालास ना, मग गाडीलाही इथली कर." याने सगळं रीतसर केलं. बँकेचं कर्ज फिटल्याचा कागद, हायपोथिकेशन काढणं, इन्शुरन्स, पीयूसी, गाडी चोरीची नाही असा पोलिसांकडचा दाखला. गाडीखाली झोपून चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली आणि छाप घेतला. अठ्ठावीस नंबरचा फॉर्म, सत्तावीस नंबरचा फॉर्म. (आधी अठ्ठावीस लागतो, मग सत्तावीस, हे का ते विचारू नका.) ना हरकत घेऊन आला आणि इकडच्या एका खिडकीवर दिली. खिडकीतल्या साहेबांनी कागद उलटापालटा केला.

"गाडी आंध्राची, अन् एनओसी तेलंगणाची कशी काय?"

"साहेब, गाडी घेतली तेव्हा तिथं आंध्रा होतं."

"मग आंध्राची एनओसी आणा की."

"आता आंध्रा तिथं नाही राहिलं, साहेब."

यावर साहेब हसले म्हणे. बिचाऱ्यांचाही दोष नाही, त्यांच्या कॉम्प्युटरला एक राज्य दिसत होतं आणि कागदावर दुसरं. दोन खेपा आणखी झाल्या, एक पत्र आणावं लागलं, आणि शेवटी एमएच २६ आला. जुनी पाटी आत्याने टाकू दिली नाही. ती गोठ्याच्या दारावर ठोकली आहे, खालची फळी कुजली होती तिथे नेमकी बसली. इकडचा टॅक्स भरून झाला. तिकडच्या उरलेल्या वर्षांच्या परताव्यासाठी नव्या आरसी बुकाची झेरॉक्स जोडून अर्ज केला होता. त्याची पोच फाईलला लावलेली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.